शांतवनमास्तरांची आखूड जोडी

त्या सकाळी टेकडीवर जोडी मी बदलली. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या शांतवनमास्तरांना तर नाहीच. त्यांना ते ठाऊक होतं ही गोष्ट वेगळी. त्यांना ठाऊक आहे, मग मी कशाला सांगू, असं म्हणत म्हणत मी इतकी वर्षं काढली.

ते गेले, आणि परवा भिंगारला चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. बाहेर लिंबाखाली मी बूट घालत होतो. शेजारी त्यांच्या गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, "माणूस लई गुणी. पण नेमकं मोक्याच्या दिवशी जोडी द्यायला चुकला बघ. न्हाईतर काश्मिरात गेला असता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो मास्तर, तुमी तर तिथंच हुता."

"हो ना," मी म्हणालो.

त्या 'हो ना'मुळे हे लिहायला बसलो आहे.

जोडी म्हणजे स्कीची जोडी. बर्फावरून घसरत जायच्या, पुढून वर वळलेल्या लांब लाकडी पट्ट्या. नगरच्या माणसाला हे वाचून हसू येईल. आम्हालाही यायचं. पावसाला महाग असलेल्या आमच्या जिल्ह्यात बर्फ यायचं ते लाकडाच्या भुशात घालून, लग्नाच्या सरबतापुरतं. आणि इथे हा एक माणूस, शांतवन भिंगारदिवे, मिशनच्या हायस्कुलात ड्रिल आणि सुतारकाम शिकवणारा, स्टाफरूममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "जरा हात वर करा बरं."

मलाही पहिल्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकती संपली होती. मी काष्टीहून नगरला गणिताचा मास्तर म्हणून नवा आलो होतो. तालमीत कमावलेलं अंग, नवं धोतर, डोक्याला तेल. शांतवनमास्तर माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. ठेंगणे, काळेसावळे, मिशीला पीळ. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी पायांकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे, मग म्हणाले, "हात वर करा." मला वाटलं, ड्रिलमास्तरांची काही रीत असेल. मी केला. त्यांनी एक डोळा मिटून माझ्या तळहातापासून जमिनीपर्यंत नजर उतरवली.

"पडलात कधी?"

"कुठे?"

"कुठंबी. झाडावरून, बैलगाडीवरून, घोड्यावरून."

"नाही बुवा," मी छाती काढून म्हणालो. "आजवर कधी पडलो नाही."

"मग आखूड," ते म्हणाले आणि आपला डबा उघडून जेवायला बसले.

पुढे कळलं की लढाईच्या काळात ते फौजेत होते. काश्मिरात वर, बर्फात, गोऱ्या शिपायांना स्की शिकवायचा कॅम्प होता. तिथल्या कोठीत जोड्या देणं, दुरुस्त करणं, त्यांना मेण लावणं हे त्यांचं काम. त्या दिवसांविषयी बोलताना त्यांना थापा मारायला लाज वाटत नसे. "सकाळी सूर्य उगवायच्या आधी माझ्याकडं यायचा, जोडी मागायला," असं ते खुशाल सांगत. पण जोडीविषयी बोलू लागले की थाप बंद. आवाज खाली यायचा.

त्यांचं म्हणणं असं. हात वर करून उभ्या माणसाच्या तळहाताला जोडीचं टोक लागलं तर ती लांब जोडी. ती वेग धरते, सरळ रेषेत छान जाते, पण वळायला जड. कपाळाशी आली तर आखूड. तिला वेग कमी, पण पायाबरोबर वळते. हातात धरायच्या काठ्या काखेपर्यंत. बुटात लोकरीचे मोजे दुहेरी घालून टाचेमागे बोट जाईल एवढीच जागा. इथवर कुणालाही शिकता येतं. "खरं पुढंच हाय," ते म्हणत. "माणूस कसा हाय? उतार दिसला की मागं रेलतो का पुढं वाकतो? घाबरल्यावर ओरडतो का गप्प बसतो? गप्प बसणाऱ्याला आखूड द्यायची. तो शेवटपर्यंत सांगत न्हाई की मला जमंना."

दुसरी एक रीत ते कधी मोडत नसत. जोडी ज्याला द्यायची, त्याच्या पायांशी स्वतः बसून ते पट्टे आवळत. कर्नल असो की भटारी. "देणाऱ्यानं बांधायची. बांधताना पाय कळतो. थरथरतोय का, फुगलाय का, सगळं हाताला कळतं."

याला कारण होतं. एक तरणा गोरा साहेब एकदा हट्टाला पेटला होता. लांबच जोडी पाहिजे, मित्रांनी लांब घेतल्यात. शांतवनमास्तरांनी नको म्हणून पाहिलं. साहेब चिडला, तेव्हा दिली, आणि रागाच्या भरात पट्टेही बांधले नाहीत. म्हणाले, घे तुझं तू बांधून. दुपारी चार माणसांनी त्याला डोलीतून आणलं. "मेला न्हाई," शांतवनमास्तर सांगत. "पण मला बघून हसला. मांडीचं हाड मोडलेलं अन् हसला, म्हणाला, यू वेअर राइट. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं." त्या दिवसापासून, ते म्हणत, समोर देव जरी उभा राहिला तरी त्याला त्याच्या मापाचीच जोडी मिळेल.

फौज सोडताना त्यांनी कंडम मालातली एक खरी जोडी आणली होती. ती भिंगारच्या त्यांच्या घरात आढ्याला टांगलेली असे, आणि त्यांची बायको मार्थाबाई तिच्यावर पापड वाळत घालत. "घोडा पोसण्यापेक्षा हे बरं," त्या म्हणत. "दाणा तरी लागत न्हाई."

नगरला स्की करता येईल हा शोध मास्तरांना गवतावरून लागला. आमच्याकडल्या टेकड्यांवर दिवाळीनंतर कुसळी गवत वाळतं आणि वाऱ्याने उताराच्या बाजूला आडवं पडतं. त्यावरून गुराखी बुडाखाली घायपाताचं पान घेऊन घसरत येतात. शांतवनमास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना झोप लागेना. सकाळी दव असताना हे गवत जुन्या बर्फासारखं चालतं, असं त्यांचं मत झालं. मग त्यांनी ठरवलं की जोड्या इथेच बनवायच्या. लाकूड धामणीचं, कारण ते वाकतं पण मोडत नाही. पण टोकं वर वळवायची तर लाकूड वाफेवर चांगलं शिजायला हवं, आणि एवढं लांब भांडं आणायचं कुठून?

"आमच्याकडे गुऱ्हाळ आहे," मी सहज बोलून गेलो.

त्या रविवारी चर्च आटोपून ते फळ्या घेऊन काष्टीला आले. गुऱ्हाळ चालू होतं. रसाची काहील उतरल्यावर तिच्यात पाणी भरलं, चुलवणात चिपाडं घातली, आणि शांतवनमास्तर बाह्या वर सारून फळ्यांची टोकं वाफेत धरून बसले. माझे वडील बांधावरून पाहत होते.

"मास्तर, ह्या फळ्या पायात घालून कुटं जायचं?"

"खाली, पाटील."

"खाली तर माणूस तसाबी जातोच की."

"पण उभ्यानं जात न्हाई."

वडील खो खो हसले. मग त्यांनी सगळ्यांना रस द्यायला सांगितला. आम्हाला पितळी पेल्यांतून आला. शांतवनमास्तरांना वेगळा, मातीच्या लोट्यातून, आणि तोही जरा लांबून ठेवला. मी पाहिलं. आणि आपला पेला तोंडाला लावला. मास्तरांनी लोटा उचलला, आत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "माझा मोठा हाय. फायदा माझाच." काहिलीला चिकटलेला गूळ लाकडात असा मुरला की त्या जोड्यांना पुढे कायम मुंग्या लागायच्या. टेकडीवर निघण्याआधी मुंग्या झटकणं हा आमच्या स्कीचा पहिला धडा.

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात शाळेच्या आधी आम्ही टेकडीवर जायचो. शांतवनमास्तर, मी आणि ड्रॉइंगचे कुलकर्णी. चर्चमधल्या मेणबत्त्यांची बुडखी वितळवून जोड्यांच्या तळाला घासायची, पट्टे आवळायचे, आणि खाली बाभळीपाशी दगडी बांधाच्या अलीकडे वळून थांबायचं. कुलकर्णी म्हणजे काडीपैलवान. त्यांना मिळाली लांब जोडी. मला आखूड. मी फार चिडलो.

"अहो, माझी ताकद बघा आणि त्यांची बघा!"

"ताकद बघूनच दिलीय, काष्टीकर," ते म्हणाले. मला ते काष्टीकरच म्हणत. "तुमी जोरानं निघता. वळायची येळ आली की मात्र इचार करत बसता. कुलकर्णी इचार करतच न्हाईत."

कुलकर्ण्यांना हे प्रशस्तिपत्र वाटलं. त्यानंतर ते रोज विचारायचे, "काय काष्टीकर, पाळण्यातली जोडी आणलीत ना?"

खरं सांगायचं तर आखूड जोडीवर मी फार छान उतरायचो. कानात वारा, पायाखाली गवताची सरसर, खाली बाभळीपाशी हात वर करून उभे शांतवनमास्तर, आणि त्यांच्या मागे नगरच्या लष्करी कॅम्पातल्या धुराड्यांचा धूर. खाली येऊन थांबलो की ते तोंडाने काही म्हणत नसत. नुसती मिशी पिळायचे. मी आयुष्यात पुष्कळ शाबासक्या घेतल्या, पण ती पिळलेली मिशी मला अजून दिसते. फक्त एक गोष्ट मला सहज होत नव्हती. ते पायांशी बसून पट्टे आवळू लागले की मी पाय मागे घ्यायचो. "राहू द्या, मी बांधतो." ते ऐकत नसत. मोठ्या माणसाने पायाला हात लावू नये म्हणून मी तसं करत होतो, असं मी सांगत असे. त्यात काष्टीचा तो मातीचा लोटाही होता, हे आज कबूल करतो.

मग उत्तरेत काश्मीरची लढाई पेटली. बर्फात फौजा पाठवायच्या होत्या. आमच्या कॅम्पातल्या एका मेजरसाहेबांच्या कानावर गेलं की इथला एक ड्रिलमास्तर गवतावर स्की शिकवतो. त्यांना सामान सांभाळायला आणि जवानांना जोड्या बसवून द्यायला असाच माणूस हवा होता. त्यांनी निरोप धाडला: शनिवारी सकाळी टेकडीवर येतो, तुमचे शिकवलेले लोक उतरताना बघतो.

शांतवनमास्तर त्या आठवड्यात बदलूनच गेले. माझ्याशी एकदाच बोलले, पटांगणावर, मुलांच्या रांगा सोडून: "काष्टीकर, पिठाच्या गिरणीत पहाटे जाऊन उभं राह्यलं की कसं वाटतं, सगळं पांढरं, गार, अन् आवाज न्हाई? तसं हाय तिथं. एकदा बघितलं की इथं डोळ्याला कमी पडतं. देवानं परत नेलं तर बरं हुईल." घरी मार्थाबाईंनी जुना स्वेटर उसवला आणि त्याच्या राखी लोकरीचे हातमोजे विणायला घेतले.

शनिवारी कुलकर्णी तापाने पडले. राहिलो मी एकटा. टेकडीखाली आमचे शिक्षक, भिंगारचे लोक, आणि खुर्चीवर मेजरसाहेब. वर माथ्यावर एका खडकाला दोन्ही जोड्या गोणपाटात टेकून उभ्या. शांतवनमास्तरांनी माझी जोडी पुढे काढून ठेवली आणि ते पट्टे बांधायला बसणार, तोच खालून साहेबांनी हाक मारली. ते अर्धे उठले, अर्धे बसले.

"जा तुम्ही," मी म्हणालो. "मी बांधतो."

एवढ्या वेळा हे वाक्य मी म्हटलं होतं आणि त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. साहेब वाट बघत होते.

ते उतरून जाईपर्यंत मी त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. मग मी खाली जमलेल्या लोकांकडे पाहिलं. या सगळ्यांसमोर पाळण्यातली जोडी घालून जायचं, असा विचार आला. कुणी मला भरीला घातलं नव्हतं. मी आखूड जोडी गोणपाटात सरकवली आणि कुलकर्ण्यांची लांब जोडी पायात चढवली.

शांतवनमास्तरांनी खालून वर पाहिलं आणि त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी दोन्ही हात जोरजोराने हलवले. मला तेही कळलं. तरी मी निघालो.

लांब जोडी धावली. असा वेग मी कधी अनुभवला नव्हता, आणि क्षणभर, सांगायला लाज वाटते, मला फार आनंद झाला. मग बांध आला. मी वळायला गेलो. पाय वळले, जोडी वळली नाही. मी ओरडलोसुद्धा नाही. गप्प बसणारा माणूस मी, गप्पच राहिलो. आणि तेवढ्यात ते ठेंगणं, काळंसावळं अंग माझ्या आणि दगडांच्या मध्ये आलं.

मला खरचटलं. त्यांच्या उजव्या पायाचं नळीचं हाड बांधावर मोडलं.

साहेब उठून आले. त्यांनी माझ्या पायातल्या जोडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जाणकार असावेत.

"इसको ये जोडी किसने दी?"

मी तोंड उघडलं होतं. निदान मला तसं आठवतं. पण शब्द आधी त्यांचा आला. जमिनीवर पडल्या पडल्या, घामाने निथळत, शांतवनमास्तर म्हणाले, "मैंने दी, साब."

साहेबांनी मान हलवली, टोपी नीट केली आणि गाडीकडे गेले. पुढे त्यांनी दुसरीकडून माणूस नेला असं ऐकलं.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा पाय लाकडी पट्ट्यांत बांधून ठेवलेला होता. एक हातमोजा पूर्ण झालेला, दुसरा सुयांवर अर्धा. मार्थाबाई माझ्याशी चांगल्या बोलल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. "आमच्या मालकांनीच चूक केली," त्या म्हणाल्या. "आता जन्मभर स्वतःला खात बसतील. तुमाला फार लागलं न्हाई ना, मास्तर?"

त्या चहा करायला आत गेल्या. मी म्हणालो, "शांतवनराव, ते..."

"पट्टे मी बांधले न्हाईत," ते आढ्याकडे बघत म्हणाले. "साहेबानं हाक मारली अन् मी उठलो. परत तेच केलं, काष्टीकर. तेव्हा रागानं, आता लोभानं. देणाऱ्यानं बांधायची असती."

"पण तुम्ही सांगितलंत की..."

"चहा घ्या," ते म्हणाले.

मी चहा घेतला. मला वाटलं, त्यांनी दार लावून घेतलं. आज वाटतं, दार उघडंच होतं. मीच आत गेलो नाही. 'मैंने दी' असं त्यांनी सांगितलं ते मला वाचवायला सांगितलं, की खरंच त्यांना ती स्वतःची चूक वाटत होती, हे मला नक्की कळलेलं नाही. पण एवढं खरं, की सबंध भिंगारात जोडी निवडणारा म्हणून त्यांचं नाव गेलं. त्यानंतर स्टाफरूममध्ये त्यांनी कुणालाही 'हात वर करा' म्हटलं नाही. कुलकर्णी एकदा थट्टेने आपण होऊन हात वर करून त्यांच्यासमोर उभे राहिले, तर ते नुसते हसले आणि डबा उघडून बसले.

हाड वाकडं जुळलं. ड्रिल घेणं सुटलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी शाळा सोडली. मार्थाबाईंचे भाऊ मनमाडला रेल्वेत होते, त्यांनी तिथे सुतारखात्यात काम लावून दिलं. म्हातारपणी ते भिंगारला परतले, पण मी तोवर श्रीगोंद्याला बदलून गेलो होतो, आणि भिंगारच्या वाटेला जात नसे. जाता आलं असतं.

म्हणून माझ्यापुरते ते नगर स्टेशनावरच शेवटचे दिसले. मी निरोप द्यायला गेलो होतो. स्कीच्या काठीची खालची कडी काढून त्यांनी तिची हातकाठी केली होती. ट्रंक, वळकटी, आढ्याची खरी जोडी, पापडाचा डबा, सगळं डब्यात चढलं. गाडी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून गोणपाटाची एक लांबट गुंडाळी माझ्याकडे दिली. आखूड जोडी.

"तुमची हाय ती. दुसऱ्या कुणाला बसायची न्हाई."

मी ती काखेत धरून उभा राहिलो. गाडी हलली. आणि इतक्या महिन्यांनी ते खिडकीतून वाकून ओरडले, "काष्टीकर, हात वर करा!"

मी केला. त्यांनी एक डोळा मिटला, माझ्या तळहातापासून फलाटापर्यंत नजर उतरवली, आणि मिशीला हात लावला. पिळली की नाही ते धुरात दिसलं नाही. लोकांना वाटलं असेल, मी निरोपाचा हात हलवतो आहे. मी हलवत नव्हतो. मापाला उभा होतो.

ती जोडी काष्टीच्या घरी माळ्यावर आहे. उन्हाळ्यात अजून तिला मुंग्या लागतात.

मार्थाबाई भिंगारलाच आहेत. परवा प्रार्थनेनंतर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मालकांच्या वतीने पुन्हा एकदा माझी माफी मागितली. मी त्यांना एक वाक्य देणं लागतो, आणि ते हे छापून येण्याआधी, त्यांच्यासमोर बसून, माझ्या तोंडाने दिलं पाहिजे: तुमच्या मालकांनी मला जोडी बरोबर दिली होती, मी ती घातली नाही.